सातवी बैठक

हणमंततात्या माणसाच्या हाताचा वास घ्यायचे. बोलायची पद्धत म्हणून सांगत नाही, खरोखर घ्यायचे. गळ टाकणाऱ्यांच्या आमच्या मंडळाच्या तारेच्या फाटकातून बाहेर पडताना गाडी बंद करायची, पिशवी उघडून धरायची, डब्याचं झाकण काढून दाखवायचं आणि मग उजवा हात पुढे करायचा. तात्या तो मनगटाला धरून नाकाशी न्यायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. तेवढ्या वेळात ज्याने काही केलेलं नाही त्यालाही घाम फुटायचा. मग एकच शब्द यायचा, "जावा."

आत येताना मात्र ते कुणाकडे बघायचेसुद्धा नाहीत. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "येताना मानूस काय आनतो त्याचं मला काय करायचंय? जाताना काय न्हेतो ते बघायचं." एका साखर कारखान्याच्या गेटवर तीसेक वर्षं त्यांनी हेच केलं होतं. सुटीचा भोंगा झाला की कामगारांचे डबे उघडायचे आणि तळाला साखर चिकटलीय का ते बघायचं. निवृत्त झाल्यावर ते मंडळाचे राखणदार झाले आणि साखरेच्या जागी मासे आले, एवढाच काय तो फरक.

पहिल्या दिवशी मला रागच आला होता. मी बारामतीच्या एमआयडीसीत एका दूध प्रकल्पाच्या लॅबमध्ये नोकरी करतो. टँकरमधल्या दुधाचे नमुने घ्यायचे, त्यात पाणी, युरिया, आणखी काय काय घातलंय ते शोधायचं आणि वाईट निघालं तर टँकर परत पाठवायचा. म्हणजे लोकांवर संशय घेण्याचा मला पगार मिळतो. रविवारी तरी दुसऱ्या कुणी माझ्यावर घेऊ नये, एवढंच माझं म्हणणं होतं. तात्यांनी माझा हात हुंगला, एक डोळा उघडून विचारलं, "दवाखान्यात हाय का?"

"नाही, लॅबमध्ये. दुधाच्या."

"तरीच औशदाचा वास मारतुय," ते म्हणाले, आणि त्या दिवसापासून मी 'लॅबवालं' झालो.

मला तिथे नेलं होतं हमीदभाईंनी. इंदापुरात त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे आणि मंडळाचे अध्यक्षही तेच. नीरेच्या काठी, बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला, उसाच्या फडांमधून एक गाडीवाट खाली उतरते. तिच्या शेवटी मंडळाने ठेक्याने घेतलेला पट्टा होता. लिंबाचं एक मोठं झाड, पत्र्याची शेड, आणि पाण्याच्या कडेला दगड रचून केलेल्या सात बैठकी. प्रत्येकीवर पांढऱ्या ऑइलपेंटने नंबर. बारामती-इंदापूरचे आम्ही पंधरा-वीस सभासद, त्यात व्यापारी होते, मास्तर होते, एक दातांचे डॉक्टर होते. रविवारी सकाळी यायचं, मिळेल त्या नंबरावर दोघातिघांनी बसायचं, कणकेच्या गोळ्या गळाला लावायच्या आणि घरच्या कटकटीपासून चार तास लांब राहायचं.

नियम एकच होता, पण कडक. चिलापी लागली तर घरी न्यायची, कारण ती दुसऱ्या माशांची अंडी खाते. बाकी रोहू असो, कटला असो, मरळ असो, गळ सोडवायचा आणि परत पाण्यात. पट्ट्यातला डोह भरलेला राहिला तर गळाला मजा, असं ते साधं गणित. बाकी नदीत जिथे तिथे जाळी ओढून ओढून बोटाएवढे मासे उरले होते. आमच्या डोहात मात्र हातभर लांबीचे रोहू फिरायचे. त्यांतल्या एका मादीची शेपटी जन्मतःच वाकडी होती. तिला सगळे 'वाकडी' म्हणत. मंडळातल्या जवळजवळ प्रत्येकाच्या गळाला ती कधी ना कधी लागली होती. लागली की पलीकडच्या बैठकीवरून तात्यांचा आवाज यायचा, "सावकाश. लेकुरवाळी हाय ती."

तात्या स्वतः कधी गळ टाकत नसत. मासे खातही नसत. एकदा त्या दातांच्या डॉक्टरांनी हट्टाने चिलापीचं कालवण आणलं, तर तात्यांनी ताटली बाजूला सारली. "वळखीचं खात न्हाय मी." बायको वारलेली, मुलगा पुण्यात. राहायला ती पत्र्याची शेड. तिच्यात एक खाट, एक चूल, कोपऱ्यात दोराची वेटोळी आणि दाराच्या चौकटीला अडकवलेला कारखान्यातला जुना खाकी शर्ट. तो डोह आणि ती शेड सोडली तर त्या माणसाला जगात दुसरी जागा नव्हती, आणि हे आम्हा सगळ्यांना पक्कं माहीत होतं. मुद्दाम आधीच सांगतो, म्हणजे पुढे मी काय केलं त्याचं वजन तुम्हाला कळेल.

सभासदांपैकी त्यांच्या तावडीतून कुणी सुटला नाही. आमच्यात एक निवृत्त हेडमास्तर होते. चाळीस वर्षं पोरांचे खिसे तपासलेला माणूस. आपला खिसा कुणी तपासावा हे त्यांना झेपेना. एका रविवारी त्यांच्या स्कूटरची डिकी तात्यांनी उघडायला लावली. आत ओलं गोणपाट, आणि गोणपाटात काहीतरी फटकन वाजलं. निघाली चांगली दोन वीत मरळ, जिवंत.

"ही कशी आली?" तात्या.

"चुकून आली असेल."

"चालत आली का?"

हेडमास्तरांनी मान ताठ केली. "मरळ चालते. पावसाळ्यात शेतातनं सरपटत जाते, पुस्तकात दिलंय."

तात्यांनी विचार केल्यासारखं केलं. "मग हितनं डोहापातूर चालत जाईल का बघू," म्हणाले, आणि मरळ खरंच जमिनीवर ठेवली. ती बिचारी मातीत वळवळायला लागली तशी तिला उचलून स्वतः पाण्यात सोडून आले. आम्ही हसून हसून बेजार झालो. हेडमास्तर हसले नाहीत. त्या दिवसापासून ते तात्यांविषयी बोलताना 'तो इसम' असं म्हणायला लागले.

संशय मात्र तात्यांनाही होता, आणि तो आमच्यावर. "हितलं भाईर कोन सांगतंय?" हा प्रश्न ते महिन्यातून एकदा तरी चहाच्या वेळी टाकायचे, सगळ्यांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत. वरच्या गावचे जाळीवाले डोहावर डोळा ठेवून होते आणि त्यांना आतली बातमी मिळते, असं तात्यांचं ठाम मत होतं. मोठे मासे कुठल्या बैठकीसमोर आहेत, पाणी किती आहे, सगळं त्यांना कळतं. "तुमच्यातलाच कुनीतरी हाय. येक ना येक दिवस घावंलच," म्हणायचे. आम्ही एकमेकांकडे बघायचो आणि चहा थंड व्हायचा. मला ते मनोमन हास्यास्पद वाटायचं. नदीतल्या माशांची कसली आलीय हेरगिरी?

आता माझी स्वतःची एक गोष्ट सांगायला हवी, सांगायला लाज वाटते तरी. रविवारी चार तास नदीवर घालवून मी रिकाम्या हाताने घरी गेलो की बायको दारातच विचारायची, "मासे कुठायत?" मी नियम सांगायचो. ती म्हणायची, "पकडून सोडून द्यायचे असतील तर घरातली पालच पकडायला काय झालं होतं?" चिलापी नेली तर 'एवढीशीच?' म्हणून तासभर ऐकवायची. शेवटी मी सोपा मार्ग काढला. नदीवरून परतताना फाट्यावर मासळीचं एक दुकान लागतं. तिथे थांबून किलो-दीड किलोचा रोहू घ्यायचा, काळ्या पिशवीत, आणि घरी गेल्यावर काही बोलायचंच नाही. खोटं बोललो नाही. फक्त खरं सांगितलं नाही. पुढे पुढे मी ती जुनी काळी पिशवी धुऊन बॅगेत ठेवायला लागलो, पुन्हा वापरायला. तात्यांच्या तपासणीत ती दर रविवारी निघायची. ते तिचा वास घ्यायचे, माझ्याकडे बघायचे, आणि 'जावा' म्हणायचे.

दुकानदार मोठा गोड माणूस. गिऱ्हाईक लाजतंय हे त्याला पहिल्या दिवशीच कळलं असणार. मासा साफ करता करता तो विचारायचा, "आज काय लागलं साहेब?" आणि मी सांगत सुटायचो. घरी सांगता येत नव्हतं, ऑफिसात कुणाला गोडी नव्हती. हा एकटाच माणूस कौतुकाने ऐकायचा. वाकडी कशी लागली, तिसऱ्या बैठकीसमोर कटले कसे उड्या मारतात, पाणी कुठे किती खोल. मी हाताने लांबी दाखवायचो. तो म्हणायचा, "आरं बापरे." बोलता बोलता तो मासा जरा स्वस्तही लावायचा.

राहिली सातवी बैठक. ती सगळ्यांत शेवटची, जिथे काठ वळतो आणि पाणी काळं दिसतं. डोहाचा सगळ्यांत खोल भाग तिथे. नंबर होता, दगडही होते, पण तात्या तिथे कुणाला बसू देत नसत. "बुडात झाड पडलंय. गळ अडकतो," एवढंच उत्तर. हेडमास्तरांनी एकदा हट्टाने तिथे गळ टाकला, तो खरंच अडकला आणि तुटला. तरी संशय फिटेना. कारण मोठे मासे तिथेच वर येऊन फुटकारे सोडताना दिसायचे. सगळ्या डोहातली मेजवानी एकाच कोपऱ्यात, आणि तो कोपरा त्या माणसाने स्वतःसाठी राखलेला.

त्यात इतर गोष्टी जमायला लागल्या. तात्यांच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत ओरखडे असायचे, ताजे, लालभडक. विचारलं तर म्हणायचे, "मांजर." त्या पट्ट्यात मांजर नव्हतं. शेडच्या मागे एकदा मला जाळ्याचा मोठा तुकडा दिसला, फाटलेला, वाळत घातलेला. जाळीला बंदी असलेल्या जागेवर राखणदाराकडे जाळं! मी विचारलं तर तात्या चक्क हसले. त्यांना हसताना मी क्वचितच पाहिलं होतं. "कुनाचं तरी फाटलंय," म्हणाले, आणि खुशीत मान हलवत निघून गेले. शिवाय सोमवार. सोमवारी ते पट्टा सोडून कुठेतरी जायचे, खांद्यावर पिशवी टाकून, आणि कुठे ते कुणालाही सांगायचे नाहीत.

मंडळाने मला सांगितलं, लक्ष ठेवा. हेडमास्तर म्हणाले, "भेसळ पकडणं तुमचा धंदाच आहे." मला बरं वाटलं, हे कबूल करतो. लॅबमध्ये मी बसतो तिथे कुणी बघायलाही येत नाही.

ते बारामतीच्या गाडीत चढतात एवढं कुणीतरी पाहिलं होतं, म्हणून पुढच्याच सोमवारी मी रजा टाकली आणि बारामतीच्या एसटी स्टँडवर जाऊन बसलो. इंदापूरकडून येणाऱ्या गाडीतून तात्या उतरले. खांद्याला पिशवी, पिशवीचं बूड ओलं, आणि वरून माशाचं शेपूट बाहेर आलेलं. ते कन्हेरीच्या बाजूच्या टमटममध्ये बसले आणि गेले. मला तेवढं पुरे होतं. रोहूचं शेपूट मधे दुभंगलेलं असतं, चिलापीचं सरळ, हे मला इतक्या रविवारांनंतर चांगलं माहीत होतं. पण ते शेपूट कसलं होतं हे मी पाहिलंच नाही. मी फक्त शेपूट पाहिलं. दुधाचा टँकर आला तर मी दोनदा टेस्ट केल्याशिवाय परत पाठवत नाही, एवढा मी काटेकोर माणूस.

सभा लिंबाखाली झाली. मी एकेक करून सगळं सांगितलं: ओरखडे, जाळं, सोमवार, शेपूट, सातवी बैठक. सांगताना मला माझाच आवाज फार आवडत होता. तात्या उकिडवे बसून ऐकत होते. माझं झाल्यावर हमीदभाईंनी विचारलं, "तात्या, काय ते एकदा सांगून टाका. सातव्या बैठकीत काय हाय?"

"झाड हाय."

"आन् सोमवारी कुठं जाता?"

"ते माझं मी बघंन."

"आवो, असं कसं? लोकांना संशय येतोय."

"येऊ द्या की. संशय मलाबी हाय." त्यांनी सगळ्यांकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे जरा जास्त वेळ. मला वाटलं, आता हे माझ्यावर उलटणार. पण त्यांनी नजर पाण्याकडे वळवली. हमीदभाईंनी पुन्हा विचारलं, जवळजवळ विनवणी केली. तात्या म्हणाले, "पाण्यात काय हाय ते सांगायचं नसतंय. सांगितलं की संपलं. इस्वास ठिवायचा तर ठिवा."

तात्यांनी पट्टा सोडायचा, असा हात वर करून निकाल झाला. हमीदभाईंनी हात वर केला नाही, पण सगळ्यांचं तेच म्हणणं आहे म्हटल्यावर मान डोलावली. तात्यांनी शेडमधली वळकटी बांधली, खाकी शर्ट चौकटीवरून काढून अंगात घातला आणि फाटकाशी आले. तिथे थांबले. पिशवी उघडून माझ्यासमोर धरली. मला कळेना काय करावं. "बघा," म्हणाले. मी आत डोकावल्यासारखं केलं. एक तवा, दोन धोतरं, तंबाखूची डबी. "जावा म्हना," ते म्हणाले. मी नुसतं पिशवीचं तोंड मिटलं. ते तसेच गेले.

हमीदभाई लेकीच्या बाळंतपणासाठी सोलापूरला गेले, आणि हेडमास्तरांनी कारभार हातात घेतला. त्यांनी एक ट्रॅक्टर आणला, साखळीला लोखंडी आकडे बांधले आणि सातव्या बैठकीसमोरचा तळ ओढून काढला. निघाल्या बाभळीच्या फांद्या. एक नाही, गाडीभर. काळ्या पडलेल्या, शेवाळलेल्या, बोटाएवढ्या काट्यांच्या. हेडमास्तर म्हणाले, "पुरात वाहून आलेला कचरा. आणि या माणसाने तो आपल्याला घाबरवायला वापरला." आम्ही त्या काठावर ओढून टाकल्या. काही फांद्यांना तारेने दगड बांधले होते. ते मी पाहिलं. पुरात वाहून आलेल्या फांदीला तारेने दगड कोण बांधतं, हा प्रश्न माझ्या डोक्यात आला होता, आणि मी तो बाजूला सारला. त्या रविवारी सातव्या बैठकीवर आम्ही पाळीपाळीने बसलो. असे मासे आयुष्यात लागले नव्हते. वाकडी दोनदा लागली.

जाताना मी फाट्यावर थांबलो. दुकानदाराने विचारलं, "आज काय लागलं साहेब?" मी म्हणालो, "आज विचारू नका! खोल कोपरा मोकळा केला, बुडातली सगळी काटेरी झाडं काढली. आता तळ अगदी परातीसारखा साफ आहे." मी हाताने दाखवलंसुद्धा.

दोन रविवारांनी गेलो तेव्हा काठावरचा चिखल जाळी ओढल्याच्या खुणांनी भरला होता. पायांचे ठसे, खवले, आणि कडेला टाकून दिलेले बोटाएवढे मेलेले मासे. चार तास बसलो. कुणाच्या गळावरचा कणकेचा कण हलला नाही. सोलापूरहून परतलेले हमीदभाई त्या वाळलेल्या फांद्यांपाशी गेले, एकीची तार बोटांनी चाचपून पाहिली. "ह्या कुणी काढल्या?" त्यांनी विचारलं. "आरं, माझ्या मेव्हण्यानं शेततळ्यात अशाच टाकल्यात. जाळं टाकलं की काट्यात फाटतं, म्हणून टाकत्यात. येवढं कुणालाच कळलं न्हाय?"

आम्ही सगळे शिकलेले होतो. कुणालाच कळलं नव्हतं. मग मला हातांवरचे ओरखडे आठवले, शेडमागचं फाटकं जाळं आठवलं, आणि त्याबद्दल विचारल्यावर तात्या का हसले ते कळलं.

घरी जाताना मी सवयीने फाट्यावर थांबलो. दुकानात बर्फाच्या लादीवर मोठमोठे रोहू मांडले होते, इतके मोठे तिथे कधी नसत. मधल्या एकीची शेपटी वाकडी होती.

मी बोट दाखवलं. "ही कुठून आली?"

दुकानदाराला माझ्या चेहऱ्यावरून काही कळलं नाही. तो खुशीत म्हणाला, "तुमचीच किरपा साहेब. तुमी म्हनला की तळ साफ झालाय. आमच्या पावन्यांना सांगितलं, त्यांचं जाळं हाय. आदी दोनदा फाटलं हुतं तितं." मग सुरी उचलून म्हणाला, "हिचंच करू का? तुमच्याकडनं काय जास्त घेत न्हाय."

त्या दिवशी मी रिकाम्या हाताने घरी गेलो. बायकोने मासे कुठायत विचारलं, तेव्हा तिला पहिल्या रविवारपासूनचं सगळं सांगितलं. ती हसली नाही, चिडलीही नाही. म्हणाली, "त्या म्हाताऱ्याला जाऊन सांगितलंत का?"

नव्हतं सांगितलं. जायची हिंमत व्हायला महिना गेला. मंडळ तोवर आपोआपच बंद पडलं होतं. मासे नाहीत तिथे कोण येतंय? तात्या कुठे आहेत ते कुणाला माहीत नव्हतं. एका सोमवारी, का कोण जाणे, मी नुसताच नदीवर गेलो. फाटक उघडं होतं. लिंबाखाली बैलगाडी उभी, बैल सोडलेले, आणि गाडीत हिरव्यागार बाभळीच्या फांद्या. तात्या कमरेएवढ्या पाण्यात उभे होते, खाकी शर्ट घालून.

त्यांनी मला पाहिलं. काठावर आले, एका फांदीला तारेने दगड बांधायला लागले. मी समोर बसलो. काय बोलायचं ते वाटेत पाठ केलं होतं, ते सगळं विसरलो आणि सरळ म्हणालो, "तात्या, बाहेर सांगणारा मी होतो. फाट्यावरच्या दुकानात. मला माहीत नव्हतं की—"

"ठावं हाय."

"काय ठावं आहे?"

"काळी पिशवी. आपल्या डोहातल्या रोहूला चिखलाचा वास येतो. पिशवीला बर्फाचा यायचा. म्हनलं, हे लॅबवालं दुकानात थांबतंय. आन् गप बसनारा मानूस न्हाय ह्यो." त्यांनी तार पिळली. "लई दीस ठावं हाय."

"मग सभेत का नाही बोललात? मी तुमच्यावर एवढं सगळं बोलत होतो."

"संशय हुता. पुरावा न्हवता." थोडा वेळ ते तारेशीच झटत राहिले. मग म्हणाले, "कारखान्यात असताना येकाचं नाव घेतलं हुतं मी. यशवंता म्हनून. डब्याला साखर चिकटली हुती. त्याची नोकरी गेली. फुडं कळलं, बायकोनं शिरा दिला हुता डब्यात." दगड फांदीला पक्का बसलाय का ते त्यांनी हलवून पाहिलं. "आता कन्हेरीला असतो. डोळं गेल्यात. सोमवारी दोन चिलाप्या इकत घिऊन न्हेऊन देतो. त्याला आवडत्यात. आजचं देऊन आलो सकाळीच."

म्हणजे ते शेपूट सरळ होतं. मी मान खाली घातली आणि मला रडू आलं. तात्यांनी त्याची दखल घेतली नाही. उठले, फांदी खांद्यावर घेतली, काटे शर्टातून आत रुतत होते. मीही उठलो, दुसऱ्या बाजूने धरायला गेलो.

"नगं."

"तात्या, आत मासेच उरले नाहीत. आता कशाला?"

"बारकं ऱ्हायलंत थोडं. वरनं बी येत्याल. चार-पाच सालं लागतील." ते पाण्याच्या कडेला गेले आणि थांबले. वळून माझ्याकडे बघितलं, अगदी फाटकावर बघायचे तसं.

"तिकडं त्वांड करा."

"काय?"

"त्वांड तिकडं करा. उसाकडं. म्या सांगितल्याशिवाय मागं बघायचं न्हाय."

मी पाठ फिरवली. समोर उसाला तुरे आले होते आणि वाऱ्याने ते एका बाजूला झुकत होते. मागे पाण्यात पाय पडल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काही नाही, मग काहीतरी जड बुडाल्याचा आवाज. पुन्हा पाय, पुन्हा गाडीशी, पुन्हा पाण्यात. ते कुठे जात होते, सातव्या बैठकीकडे की पलीकडे, ओळखायचा मी प्रयत्नही केला नाही. कान बंद करता आले असते तर तेही केले असते. ऊन मानेवर यायला लागलं. गाडी रिकामी होईपर्यंत मी तसाच उभा होतो.

मग ओले पाय माझ्या मागे येऊन थांबले. त्यांनी माझी पिशवी खांद्यावरून ओढून घेतली, आत बघितलं, झटकली, परत दिली. माझा हात मनगटाला धरून नाकाशी नेला. त्यांच्या हातातून रक्त येत होतं, ते माझ्या बाहीला लागलं.

"जावा," तात्या म्हणाले.

फांद्या कुठे टाकल्यात ते मला माहीत नाही. तुम्ही विचारलंत तरी सांगता येणार नाही.